काशीला निघालेला नवरदेव



बरेच दिवसांत इकडे फिरकले नाही. घरात लग्न आहे ना! नातवाचे. याद्या, साड्या, हॉलची बोलणी, सगळे यथासांग चालू आहे, आणि माझ्याकडे नेहमीप्रमाणे "आजी, तुम्ही फक्त बसून राहा" हे खाते आले आहे. बसून राहिले की कानावर बरेच पडते. त्यातलेच एक आज लिहिते आहे. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्या दोघांनाही विचारून लिहिते आहे, म्हणजे नातेवाईक मंडळींनी फोनाफोनी करायचे कारण नाही.

तर महिन्यापूर्वी नातू म्हणाला, "आजी, माझी बॅचलर पार्टी आहे. गोव्याला. शुक्रवार ते सोमवार." मी म्हटले, बॅचलर तर मी १९७२ सालीच झाले, एचपीटी कॉलेजातून, बॅचलर ऑफ आर्ट्स. पार्टी वगैरे कुणी दिली नाही. वडिलांनी पावशेर पेढे आणले होते. तो हसला आणि लॅपटॉप माझ्यासमोर ठेवून सगळा बेत दाखवू लागला. पोराला कौतुक होते दाखवायचे. आसगावला पोहण्याच्या तलावासकट अख्खा बंगला, एका संध्याकाळी मांडवीतली बोट, एका रात्री तिथला तरंगता कॅसिनो, आणि आठ जणांचे एकसारखे टी-शर्ट.

आता तुम्हाला वाटेल की बाई संस्कृतीच्या नावाने गळा काढणार. नाही काढणार. लग्नाआधी मित्रांनी नवऱ्या मुलाला घेऊन मजा करावी, हे आपल्याला काही परके नाही. आपल्याकडे सोडमुंज नव्हती का? ब्रह्मचर्य संपले, आता मुलगा काशीला निघाला. धोतर, छत्री, काठी, पायात वहाणा. मग मामा आडवा येतो, "काशीला जाऊ नकोस रे बाबा, मी तुला मुलगी देतो" म्हणतो, आणि यात्रा अंगणात संपते. माझ्या भावाच्या लग्नात, १९७१ साली, त्याच्या मित्रांनी त्याला असे काही पळवले की काशीयात्रा गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि आमचा मामा धोतराचा सोगा धरून मागे धावला. ती बॅचलर पार्टीच होती. खर्च शून्य, आणि पन्नास वर्षे आम्ही त्यावर हसतो आहोत.

दारूबद्दलही मी फार बोलत नाही. नाशिककराने काय बोलावे! सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, तेव्हापासून आमचा गंगापूर धरणाकडचा रस्ता शनिवार-रविवारी कुणाकुणाच्या गाड्यांनी भरलेला असतो. मुंबईची मुले एकसारखे टी-शर्ट घालून मधल्याला फेटा बांधून द्राक्षाच्या मळ्यात फोटो काढताना मी स्वतः पाहिली आहेत. म्हणजे आमची मुले गोव्याला आणि मुंबईची आमच्याकडे. गोवेकर कुठे जात असतील कोण जाणे.

हे वेड आले कुठून म्हणाल तर विलायतेतून आले, आणि सिनेमाने घरात आणून सोडले. २००१ साली 'दिल चाहता है' आला आणि तीन मित्रांनी गोव्याला गेल्याशिवाय मैत्री पुरी होत नाही असे एका पिढीला वाटू लागले. २०११ च्या 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'मध्ये तर लग्नाआधीची सहल थेट स्पेनला गेली. दोन्ही मी नातवाबरोबर टीव्हीवर पाहिले आहेत, आवडलेही. पण त्या सिनेमांत आपला वाटा कुठून आणायचा म्हणून कुणाची झोप उडाल्याचे मला काही आठवत नाही.

मी शाळामास्तरीण. बेत पाहून झाल्यावर माझा हात आपोआप कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानाकडे गेला. बंगला तीन रात्री ९६ हजार. आठ जणांचे विमान जाऊन-येऊन ७२ हजार. बोट २८, गाडी तीन दिवस २४ (गोव्यात ओला-उबर चालत नाही, टॅक्सीवाले म्हणतील ती पूर्वदिशा), कॅसिनो ३२, कपडे आणि फुगे ८, खाणेपिणे ९० हजार. बेरीज साडेतीन लाख. आणि नवरदेवाने पैसे द्यायचे नाहीत असा त्या पार्टीचा नियम असतो म्हणे, त्याचा वाटा मित्र उचलतात. म्हणजे भागिले सात. माणशी पन्नास हजार.

"आजी, सगळ्यांना परवडते," नातू म्हणाला. "सगळे कमावते आहेत."

त्या सात जणांत एक मुलगा आमच्या घरात लहानाचा मोठा झालेला आहे. पंचवटीत राहतो. पहिलीपासून दोघे एका बाकावर. माझ्या हातचे पोहे खाऊन त्याने दहावीचा अभ्यास केला. आता अंबडच्या एमआयडीसीत कामाला आहे, पगार सत्तावीस हजार, घरी वडील आजारी. बाकीचे पुण्या-मुंबईला कॉम्प्युटरवाले. चार दिवसांनी तो लग्नाच्या पत्रिका न्यायला आला तेव्हा मी सहज विचारले, "काय रे, गोव्याची तयारी?" तो म्हणाला, "नाही जमणार आजी, कंपनीत रजाच मिळत नाही."

मंडळी, मी तेहतीस वर्षे वर्गावर होते. हे वाक्य मी ओळखते.

१९८६ सालची गोष्ट. आमच्या शाळेची नववीची सहल गोव्याला निघाली. गोवा तेव्हा राज्यही झाले नव्हते. एसटीचा लाल डबा, नाशिकहून पुणे, कोल्हापूर, आंबोलीचा घाट, मुक्कामाला मंगेशीची अग्रशाळा. वर्गणी १७५ रुपये. मी वर्गात यादी घेऊन उभी राहिले आणि एकेकाला विचारू लागले, येणार का, पैसे कधी आणणार. खिडकीजवळचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "बाई, मला गाडी लागते." वर्ग हसला. मीही हसले. लिंबू आणि आवळासुपारी जवळ ठेव असा सल्लाही दिला. तो मान हलवून खाली बसला आणि आला नाही. पुढे पालकसभेला त्याची आई आली होती, तिला मी विचारले, मुलाला गाडी लागते त्याचे औषध केले का? ती गोंधळलीच. म्हणाली, "कुणाला? त्याचा मामा द्राक्षाच्या ट्रकवर असतो. सुट्टीभर हा त्या ट्रकमध्येच असतो मुंबईपर्यंत."

मला त्या रात्री जेवण गेले नाही. ह्यांनी विचारले काय झाले, तर मी म्हटले, गाडी लागली. त्यानंतर वर्गात उभे राहून मी वर्गणी कधी विचारली नाही. आधी घरोघरचा अंदाज घ्यायचा, मग सहल कुठे न्यायची ते ठरवायचे, हा क्रम ठेवला. गोव्याऐवजी कधी वणी झाली, कधी त्र्यंबक. पण त्र्यंबकला पूर्ण वर्ग आला.

तेव्हा पत्रिका न्यायला आलेल्या त्या पोराला मी विचारले, "तुला गाडी लागते का रे?" त्याला अर्थातच काही कळेना. मी वरची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ पत्रिकांची गठ्ठी सारखी करत बसला. मग म्हणाला, "आजी, मोबाइलवर कर्ज मंजूर झालेय. पाच मिनिटांत होते. फक्त बटन दाबायचे बाकी आहे. नाही गेलो तर ह्याला वाईट वाटेल." पन्नास हजारांचे कर्ज, तीन रात्रींसाठी, सत्तावीस हजारांच्या पगारावर! आणि ते दाबावे की दाबू नये या विचारात तो आठ दिवस होता. म्हणजे रजेचे कारण एकीकडे तयार होते आणि कर्जही दुसरीकडे तयार होते.

त्या रात्री मी नातवाला बसवले. तो खरोखर चांगला मुलगा आहे, म्हणूनच त्याचे उत्तर इथे देते. तो म्हणाला, "आजी, त्याने नुसते सांगायचे होते ना! आम्ही सहा जणांनी त्याचा वाटा भरला असता." बघा, चूक कुठे आहे? तुम्हालाही क्षणभर वाटेल की यात काहीच चूक नाही. पण 'नुसते सांगायचे' म्हणजे काय, हे ज्याला कधी सांगावे लागले नाही त्यालाच ते नुसते वाटते. सहा जणांनी ज्याचे भरले तो तीन दिवस त्या बंगल्यात कसा वावरणार? बोटीवर नको म्हणायची त्याला सोय आहे का? दुसरा पेला मागायची आहे का? मित्र म्हणून निघालेला माणूस आश्रित म्हणून परत येतो.

माझे मत एवढेच आहे, आणि ते गोव्यापुरते नाही. ज्याच्या घरचे कार्य त्याने बोलवावे आणि ज्याने बोलावले त्याने खर्च करावा. केळवण आपण असेच करतो. मावशीकडे केळवण असेल तर मावशी तिच्या ऐपतीने करते, एकीकडे श्रीखंड, दुसरीकडे पिठले-भात, आणि नवरदेव दोन्हीकडे सारखाच जेवतो. मावशीने जेवण झाल्यावर पानामागे सहाशे रुपये काढा म्हटल्याचे मी तरी ऐकले नाही. या नव्या पार्टीत मात्र बोलावणे एकाचे, हौस दोघातिघांची, आणि पैसे सगळ्यांचे समान. समान वाटा हा शब्द फार न्यायाचा दिसतो. गणितात आहेच. पण दीड लाखवाल्याचे पन्नास आणि सत्तावीसवाल्याचे पन्नास हे दोन वेगळे आकडे आहेत, हे आम्ही शाळेत शिकवत नाही.

नातू म्हणाला, "पण नवऱ्याने खर्च करायचा नाही ही तर पद्धतच आहे." मी म्हटले, कुणाची पद्धत? ज्यांच्याकडून ती घेतली त्यांचाही त्रास काही थोडा नाही. २०२३ साली अ‍ॅमस्टरडॅम शहराने ब्रिटिश तरुणांसाठी जाहिरात काढली, धिंगाणा घालायला येणार असाल तर इकडे येऊ नका. गोव्यानेही २०१९ साली किनाऱ्यावर उघड्यावर दारू प्यायला दंड लावलाच. पाहुण्यांवर जगणाऱ्या गावांना असे करावे लागते, याचा काही अर्थ असेलच ना.

आणि आजी म्हणून जी काळजी वाटते ती वेगळीच. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागली, २५ माणसे गेली. त्यातली बहुतेक तिथे राबणारी होती, मजा करायला आलेली नव्हे. मी नातवाला म्हटले, कुठेही जा, पण आत शिरल्यावर बाहेरची वाट कुठे आहे ते आधी बघ. आणि पिऊन समुद्रात उतरू नका. यावर त्याने "हो आजी" असे अगदी लहानपणच्या आवाजात म्हटले, म्हणजे ऐकले नसावे.

मग दोन दिवस माझ्याशी बोलणे जरा कमीच होते. सूनबाई म्हणाल्या, "आई, त्यांचे त्यांना बघू द्या." तेही खरे. म्हातारीने किती लुडबुड करावी! पण तिसऱ्या दिवशी हा स्वतःच लॅपटॉप घेऊन आला. बोट नाही, कॅसिनो नाही, एकसारखे टी-शर्ट नाहीत (मी म्हटले टी-शर्ट राहू दे, तेवढीच गंमत होती त्यात, पण नाही म्हणाला). बंगल्याऐवजी म्हापशाकडे एक साधे घर, दोन रात्री. त्या घराचे आणि जेवणाचे पैसे तो स्वतः देणार. आपल्या लग्नाचा सूट त्याने एक पायरी खाली आणला आहे. आणि जायचे नाशिकरोडहून मंगला एक्स्प्रेसने, थिवीला उतरायचे. तिकीट ज्याचे त्याने काढायचे. पुण्या-मुंबईचे दोघे "ट्रेनने कोण जाते" म्हणून नाराज आहेत, त्यातला एक अजून हो म्हणालेला नाही. तोही त्याचा मित्रच आहे, त्याचेही नातवाला लागले आहे. एकाला सांभाळायला गेले की दुसरा रुसतो, याला माझ्याकडे उत्तर नाही.

पंचवटीवाल्याने कर्जाचे बटन दाबले नाही. रजेचे मात्र अजून "बघतो" म्हणतो. एकदा सांगितलेले कारण मागे घ्यायलाही थोडे दिवस लागतात, ते मी समजते. त्याला घाई करू नकोस असे नातवाला बजावले आहे.

येत्या रविवारी आठही जणांचे केळवण माझ्याकडे आहे. पुरणपोळ्या मी करणार, कटाची आमटी सूनबाई. डाळ दोन किलो भिजत घालावी की अडीच, एवढेच ठरायचे आहे. ती पोरे खातात फार.