बरण्यांच्या मांडणीवर राउटर

मे महिन्यात भिलाईला जाऊ नकोस, असं घरच्यांनी बजावलं होतं. तरी गेलो. माझी मावसबहीण तिथे नेहरूनगरला राहते. भाऊजी भिलाई पोलाद कारखान्याच्या इलेक्ट्रिकल खात्यातून निवृत्त झाले, सेक्टरमधलं क्वार्टर सुटलं आणि त्यांनी हे घर बांधलं. भर दुपारी दार उघडलं, तर आतून कूलरला मागे टाकील अशी घरघर ऐकू आली.

“नवा कूलर घेतलात वाटतं?” मी विचारलं.

“कूलर कुठला? तुझ्या भाच्याचा संसार आहे तो!” ताई म्हणाली.

बाहेरच्या खोलीतल्या ज्या मांडणीवर ताईच्या लोणच्याच्या बरण्या असत, तिथे तीन जुने राउटर आणि तीन स्विच रचलेले. सगळ्यांचे पंखे एकदम फिरत होते. बरण्या स्वयंपाकघरात जमिनीवर आल्या होत्या आणि ताईचा खरा राग त्याचा होता.

भाचा सीसीएनएच्या परीक्षेला बसणार आहे. सिस्को कंपनीने १९९८ साली सुरू केलेली ही परीक्षा. बँक असो, इस्पितळ असो की कारखाना, तिथले संगणक एकमेकांना जोडणं आणि जोडलेले ठेवणं, या कामाची ती पहिली पायरी. सध्याचा पेपर १२० मिनिटांचा आहे आणि फी ३०० डॉलर. कर धरला की पंचवीस हजारांच्या पुढे जाते. नापास झालं तर पुन्हा तेवढीच भरायची. फी भाऊजींच्या निवृत्तीच्या पैशांतून जाणार होती, म्हणून घरात त्या आकड्याचा उच्चार जरा हळू आवाजात होत असे.

सरावासाठी म्हणून भाच्याने एका जुन्या मालाच्या दुकानातून हा सगळा संच एकदम उचलला. दुकानदाराने दिवे लागलेले दाखवले, याने पैसे मोजले. घरी आणल्यावर कळलं की एका राउटरला आधीच्या मालकाचा पासवर्ड आहे. तो काढायची रीत अशी, की राउटर चालू होत असताना पहिल्या मिनिटाच्या आत ‘ब्रेक’ची खूण द्यायची. लॅपटॉपवर ती कळच नव्हती! शेवटी पुट्टी नावाच्या प्रोग्रॅमच्या मेनूत ती सापडली. मग एक आकडा बदलून, जुनी मांडणी न वाचताच राउटर सुरू करायचा. तेही जमलं. पण तो आकडा पूर्ववत करायचा राहून गेला, आणि रोज सकाळी राउटर कोरी पाटी घेऊन उठू लागला. आदल्या रात्रीचं काम नीट साठवलेलं असायचं, पण राउटर ते वाचायलाच तयार नसे. चार दिवस पोराने डोकं खाजवलं. “मामा, पुस्तकात हे एका ओळीत आहे हो,” तो मला म्हणाला.

खरा घोर निराळाच होता. ताई फडक्याने मांडणी पुसत होती, ती एकदम हात झटकून मागे झाली. राउटरच्या पत्र्याला झिणझिण्या येत होत्या. तोवर भाऊजी या प्रकरणापासून लांबच होते. कारखान्यात कायमची नोकरी केलेल्या माणसाला ‘सर्टिफिकेट’वर मिळणारी नोकरी पटायला वेळ लागतो. पण झिणझिण्या म्हटल्यावर ते पेपर बाजूला ठेवून उठले. टेस्ट लॅम्प आणला. फेज आणि न्यूट्रलमध्ये दिवा लागला, फेज आणि अर्थमध्ये लागेना. सॉकेट तीन भोकांचं होतं, पण अर्थची तार आत कुठे जोडलेलीच नव्हती. अशा यंत्रांतून थोडासा प्रवाह पत्र्याकडे झिरपतो. तो अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जायला हवा. वाट मिळाली नाही, तर हात लावणाऱ्याला तो जाणवतो. “स्वतःच्या घरात हे राहिलं माझ्याकडून,” भाऊजी पुटपुटले, आणि मुख्य स्विच बंद करून कामाला लागले. वाचकहो, जुनं यंत्र घरी आणण्याआधी वायरमनकडून आपलं अर्थिंग तपासून घ्या. स्पाइक गार्ड लावला म्हणजे अर्थिंग झालं, असं नव्हे.

संध्याकाळी बापलेक हिशेबाला बसले. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवलं की पॅकेट ट्रेसर हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्यात पडद्यावरच राउटर मांडता येतात, तारा जोडता येतात, बिघाड करून पाहता येतात. बहुतेक अभ्यास तिथेच होतो. वायरलेसचा भाग तर या जुन्या खोक्यांवर होणारही नाही. मग खोकी हवीत कशाला? माझं मत विचाराल, तर एक राउटर आणि दोन स्विच जरूर असावेत. पडद्यावरची तार कधी सैल होत नाही, आणि प्लगच्या आतल्या आठ बारीक तारा रंगांच्या क्रमाने बसवायला बोटांनाच शिकावं लागतं. मात्र घेताना कन्सोल केबल सोबत मागावी, दुकानातच लॅपटॉप जोडून आत शिरून पाहावं, आणि नुसत्या दिव्यांवर भुलू नये. आठ पोर्टचे काही छोटे स्विच बिनपंख्याचे येतात. घरात झोपणारी माणसं असतील तर तेच बरे.

भिलाईत लाटलेले रूळ देशभर पसरले. पुढे रेलटेल कंपनीने त्याच रुळांच्या कडेने फायबरच्या तारा नेल्या. हे मी जेवताना बोललो, तर भाऊजी म्हणाले, “रूळ दिसतात तरी. याच्या तारांमधून काय जातंय, ते कुणाला कळतं?”

पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर ते चष्मा लावून प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकाच क्रमांकाची चिठ्ठी चिकटवत होते, कारखान्यात करायचे तशी. भाचा वहीत क्रमांक उतरवून घेत होता. “सतरा कुठे गेली?” भाऊजींनी विचारलं. सतरा नंबरची तार कुठेच जोडलेली नव्हती आणि पोरगा दोन दिवस त्याच जोडणीतला बिघाड आज्ञांमध्ये शोधत होता.

दोन राउटर आणि एक स्विच विकायला काढले आहेत. मांडणीचा खालचा कप्पा ताईला परत मिळाला.