सरावाविना काडतूस

पितळी पुंगळीच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे, मधोमध प्रायमरची टिकली आणि वर जेमतेम साडेसहा ग्रॅम वजनाची शिशाची गोळी. आपल्याकडच्या परवानाधारकांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये भरले जाणारे हे .३२ बोअरचे काडतूस. ‘के एफ’ ही खूण पुण्यातल्या खडकीच्या, १८६९ पासूनच्या दारूगोळा कारखान्याची. काडतुसाचा जन्म मात्र अमेरिकेतला; त्याचे पूर्ण नाव .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. जगातल्या बहुतेक पोलिस दलांनी त्याला केव्हाच निरोप दिला, भारतात मात्र ते टिकून राहिले. ते का टिकले हे पाहिले, की शस्त्र हाती आले म्हणजे माणूस सुरक्षित झाला, या समजुतीतला पोकळपणा लक्षात येतो.

१८७८ पासून प्रचारात असलेले आखूड .३२ काडतूस लांबवून स्मिथ अँड वेसनने १८९६ मध्ये हे नवे काडतूस आणले. सिलिंडर बाजूला उघडणारे कंपनीचे पहिले रिव्हॉल्व्हर त्यासाठीच बनले होते. प्रतिस्पर्धी कोल्ट कंपनीने हेच काडतूस बोथट नाकाच्या गोळीसह ‘न्यू पोलिस’ या आपल्या नावाने खपवले. न्यूयॉर्कचे पोलिस तेव्हा ज्याला जे मिळेल ते रिव्हॉल्व्हर बाळगत. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट त्या वेळी शहराच्या पोलिस मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी १८९६ मध्ये साऱ्या दलासाठी कोल्टचे .३२ बोअरचे एकच रिव्हॉल्व्हर ठरवून दिले. त्याहून मोलाचे काम म्हणजे शिपायांसाठी त्यांनी नेमबाजीचे शिक्षण सुरू केले. हत्याराबरोबर हत्यार चालवण्याची जबाबदारीही आली.

ताकदीच्या बाबतीत हे काडतूस पहिल्यापासून डावेच. सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आतबाहेर वेग आणि लष्करी ९ मिलिमीटर काडतुसाच्या जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा. पोलिस .३८ कडे वळले ते यामुळेच. पण धक्का सौम्य आणि नेम अचूक, हा त्याचा गुण नेमबाजांनी ओळखला. स्पर्धेसाठी सपाट डोक्याची गोळी पुंगळीच्या तोंडाशी समतल बसवतात. पंचवीस मीटरवरच्या कागदी लक्ष्याला ती पंचिंग मशीनने पाडावे तसे स्वच्छ वाटोळे भोक पाडते, त्यामुळे गुण मोजताना वाद उरत नाही. सेंटरफायर पिस्तूल या प्रकारात .३२ ने आपली जागा अशी पक्की केली. याच प्रकारात भारताचा नेमबाज जसपाल राणाने १९९४ ला हिरोशिमात आणि २००६ ला दोहात आशियाई सुवर्णपदक जिंकले.

भारतात ते टिकण्याचे कारण वेगळे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी भारतीयांना परवान्याच्या कुंपणात बांधले. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, तरी लष्कर-पोलिसांच्या वापरातले बोअर सामान्य नागरिकाला बंदच राहिले. ९ मिलिमीटर, .३८, .४५५ हे सगळे प्रतिबंधित. ऐंशीच्या दशकात खासगी आयातही थांबली. उरले ते मुख्यतः कानपूरचे सरकारी रिव्हॉल्व्हर आणि त्यात बसणारे .३२. जो दुबळेपणा अमेरिकेत त्याच्या मुळावर आला, तोच इथे त्याची पात्रता ठरला.

मग आले २०१४. दिल्लीत २०१२ मध्ये एका तरुणीवर झालेल्या अत्याचाराने देश हादरला होता. त्या तरुणीला माध्यमांनी दिलेल्या ‘निर्भया’ या नावाची आठवण ठेवून कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ बाजारात आणले. टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे अर्धा किलो वजनाचे, पर्समध्ये मावेल असे हे .३२ रिव्हॉल्व्हर खास महिलांसाठी म्हणून पुढे करण्यात आले. तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. रात्रीच्या बसने घरी परतणाऱ्या नर्सला किंवा कंपनीत रात्रपाळी करणाऱ्या मुलीला ते कसे परवडणार? आणि परवडले, तरी अचानक झालेल्या हल्ल्यात ते बाहेर काढून नेम धरणे हे रोजच्या सरावाशिवाय कुणालाही जमणारे नाही.

गफलत झाली ती इथेच. आपण काडतूस जपले, सराव जपला नाही. वर्षाला किती काडतुसे घेता येतील हे परवान्यावर लिहिलेले असते, आणि अनेकांच्या घरी ती कपाटातच पडून राहतात. २०१६ च्या शस्त्र नियमांनी प्रशिक्षणाची अट घातली, हे योग्यच झाले. पण ही अट कागदावर न राहता प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी रेंजवर प्रत्यक्ष तपासली गेली पाहिजे. ज्याला आपले हत्यार सांभाळता येत नाही, त्याच्या हाती ते घरच्यांनाच अधिक घातक.

स्त्रीच्या सुरक्षिततेचा भार मात्र कोणत्याही बोअरवर टाकता येणार नाही. उजेड असलेला रस्ता, वेळेवर येणारी बस, तक्रार टाळाटाळ न करता नोंदवून घेणारे पोलिस ठाणे आणि लवकर निकाल देणारे न्यायालय हे सरकारचे काम आहे. ते तिच्या पर्समध्ये ढकलून सरकारला मोकळे होता येणार नाही.