बसला तोटा होतो, मग उड्डाणपुलाला का होत नाही?

हे खरं तर गेल्या शनिवारी लिहायचं होतं. पण रिलीजने शनिवार-रविवार दोन्ही खाल्ले. आठवडा उलटला, राग मात्र गेला नाही. उलट मुरलाय.

झालं असं, की आमच्या सोसायटीची मीटिंग होती. विषय नेहमीचेच: पाण्याचे टँकर, लिफ्टची दुरुस्ती, पार्किंग, कुत्री. शेवटचा विषय वेगळा होता. आमच्या गेटपासून शंभरेक पावलांवर बसथांबा व्हावा म्हणून पलीकडच्या वस्तीतल्या लोकांनी एक अर्ज तयार केला होता. त्यावर आमच्याही सोसायटीची सही हवी होती. पैसे नकोत, जागा नको. फक्त सही.

पाच मिनिटांत विषय संपला. "थांबा आला की टपरी येते, टपरी आली की गर्दी येते. गेटसमोर तमाशा कशाला?" एक जण म्हणाले. दुसरे म्हणाले, "आणि आपल्यातलं बसने जातं कोण?" सगळे हसले. सही द्यायची नाही असं ठरलं.

मी तिथेच होतो. हात वर केला नाही, तोंडही उघडलं नाही. चहा-बिस्किटं झाली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मावशी कामाला आल्या आणि विचारलं, "दादा, सहीचं काय झालं ओ?" तेव्हा कळलं की अर्जावर पहिली सही त्यांचीच होती. त्या दोन बस बदलून येतात आणि मुख्य रस्त्यापासून पुढे पंचवीस मिनिटं चालतात. गुडघे दुखतात म्हणून आमच्याकडून बाम घेऊन जातात. बाम आम्ही देतो हो, अगदी आनंदाने देतो. सही नाही दिली.

"आपल्यातलं बसने जातं कोण?" या प्रश्नाचं उत्तर मग मी घरातल्या घरात मोजायला घेतलं. स्वयंपाक करणाऱ्या ताई, धुणंभांडी करणाऱ्या मावशी, रात्रपाळीचा वॉचमन, बाबांना सांभाळायला येणारा मुलगा. एका फ्लॅटमागे किमान दोन माणसं बसने येतात, तेव्हा आपलं घर चालतं. तेव्हा आपण साडेनऊच्या कॉलवर इस्त्रीच्या शर्टात दिसतो. बसने आपण जात नसू, पण आपलं घर बसवरच चालतं.

असो. आता मुद्द्याकडे.

पीएमपीएमएलबद्दल पेपरात बातमी आली की दोनच शब्द असतात: तोटा आणि तूट. "संचलन तूट" हा तर खास पुणेरी कारभारातला शब्द. ही तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका 60 आणि 40 टक्के अशी भरून देतात. आकडा गेल्या काही वर्षांत सातशे कोटींच्या घरात गेलाय. सातशे कोटी! वाचलं की आपल्यासारख्या टॅक्स भरणाऱ्या माणसाच्या कपाळावर आठी येते.

आता जरा गणित करू, सवय आहे म्हणून. 2011 च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या 31 लाखांवर होती, पिंपरी-चिंचवडची 17 लाखांवर. मिळून साधारण साडेअठ्ठेचाळीस लाख. आज त्याहून कितीतरी जास्त आहेत, पण जुनीच डोकी धरू. सातशे कोटी भागिले साडेअठ्ठेचाळीस लाख, भागिले तीनशे पासष्ट. उत्तर येतं रोज माणशी चार रुपये. टपरीवरचा कटिंगसुद्धा चार रुपयांत येत नाही. त्या चार रुपयांत रोज दहा लाखांच्या आसपास प्रवास होतात. याला तोटा म्हणायचं?

मग माझा साधा प्रश्न आहे. उड्डाणपुलाचा तोटा किती? रस्ता डांबरी करायचा, मग खोदायचा, मग पुन्हा डांबरी करायचा, त्याची "संचलन तूट" कधी ऐकलीत? पथदिव्यांनी यंदा किती कमावलं असं कोणी विचारतं? नाही, कारण ती "सुविधा" असते. चारचाकीवाल्याची ती सुविधा आणि बसवाल्याचा तो तोटा, हा हिशेब कुणी लिहिला? आपणच. आपल्या गाड्या रस्त्यावर रात्रंदिवस फुकट उभ्या असतात. 2018 मध्ये महापालिकेच्या सभेने पे अँड पार्कचं धोरण काटछाट करून मंजूर केलं, आणि तेही पुढची कित्येक वर्षं कागदावरच राहिलं. फुकट पार्किंगमुळे बुडणाऱ्या पैशाला मात्र तूट म्हणायचं नसतं.

आता बस किती हव्यात तेही बघू. केंद्र सरकारच्या शहरी वाहतुकीच्या निकषांमध्ये सर्वात वरचा दर्जा म्हणजे हजार लोकांमागे 0.6 बस, म्हणजे लाखाला साठ. जुन्याच लोकसंख्येवरही दोन्ही शहरांना 2900 बस लागतात. आपला ताफा गेली कित्येक वर्षं दोन हजारांच्या आसपास घुटमळतोय, आणि त्यातल्या सगळ्या रोज रस्त्यावर नसतात. बंगलोरला ऑनसाइट गेलेल्या मंडळींना तिथलं ट्रॅफिक शिव्या द्यायला फार आवडतं, पण तिथल्या बीएमटीसीकडे सहा हजारांहून जास्त बस आहेत. 2011 ची लोकसंख्या धरली तर लाखाला सत्तरच्या वर. आपण चाळीस-एकेचाळीसवर.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "आधी कारभार सुधारा, मग पैसे मागा." वरवर बरोबर वाटतं. पण तुमच्या मॅनेजरने सर्व्हरचं बजेट निम्मं केलं आणि म्हणाला, "आधी अपटाइम दाखव, मग मशीन देतो," तर तुम्ही त्याला काय म्हणाल? (इथे लिहिण्यासारखं नाही ते.) फेऱ्या कमी म्हणून लोक दुचाकी घेतात. लोक दुचाकी घेतात म्हणून प्रवासी कमी. प्रवासी कमी म्हणून मार्ग "तोट्यातला", म्हणून फेऱ्या आणखी कमी. हा इन्फिनिट लूप आहे, आणि तो आतून तुटत नाही. बाहेरून कुणीतरी पैसे आणि बस घालाव्या लागतात. तेही वेळेवर. मार्च 2023 मध्ये थकलेल्या बिलांवरून ठेकेदारांनी बस बंद ठेवल्या होत्या, आठवतं? ताफ्यातला मोठा हिस्सा ठेकेदारांच्या बसचा आहे. बिल थकलं की थांब्यावर उभा असलेला माणूस लटकतो. ठेकेदाराला निदान कोर्टात तरी जाता येतं.

कारभारात चुका नाहीत असं मी म्हणत नाही. आहेत, आणि भरपूर आहेत. पण चुका आहेत म्हणून महापालिकेने रस्ते बांधणं थांबवलं का? खड्ड्यांचा इतिहास बघता केव्हाच थांबवायला हवं होतं :-)

बीआरटीचं बघा. डिसेंबर 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातला पहिला प्रयोग आपल्या गावात झाला. अर्धवट झाला, वाईट झाला, मान्य. त्याच वर्षी केंद्राचं शहरी वाहतूक धोरण आलं, आणि त्याचं सूत्र सोपं होतं: गाड्या नाही, माणसं हलवा. पुढे 2015 मध्ये नव्या मार्गांवर जरा नीट काम झालं. मग काय केलं? चुका दुरुस्त करण्याऐवजी नगर रस्त्यावरची बीआरटीच उखडून टाकली. का, तर गाड्यांना जागा कमी पडते. प्रॉडक्शनमध्ये बग सापडला म्हणून अख्खं मोड्यूल डिलीट करून गाव जेवण घालण्यातला प्रकार.

मेट्रोबद्दल माझं काही भांडण नाही, हे आधीच सांगतो. मार्च 2022 पासून ती धावतेय, मीही बसतो, छान वाटतं. पहिल्या टप्प्याच्या एकतीस-एक किलोमीटरला मंजुरीच्या वेळी 11,420 कोटी धरले होते. त्याला कुणी तोटा म्हणालं नाही, गुंतवणूक म्हणाले. ठीक. पण मेट्रोच्या स्टेशनपर्यंत माणूस जाणार कसा? उडत? बस नसेल तर ती मेट्रो स्टेशनला खेटून राहणाऱ्यांची आणि गाडी पार्क करू शकणाऱ्यांची. बस ही मेट्रोची स्पर्धक नाही, तिचे पाय आहेत.

आता थोडं आपल्याबद्दल, कारण खरा राग तिथेच आहे.

आपण आयटीवाले या शहरात आलो आणि आपल्याला कंपनीच्या एसी बस मिळाल्या. मग कॅब आल्या. मग ईएमआयवर गाडी. आपण बसला शिव्यासुद्धा द्यायचं बंद केलं, आणि तिथेच बसचं नुकसान झालं. ज्यांचं म्हणणं साहेब लोक ऐकून घेतात, ज्यांना ईमेल लिहिता येतो, माहितीचा अधिकार वापरता येतो, ते सगळे थांब्यावरून उठून गेले. मागे उरल्या मावशी. त्यांचा एक दिवस बुडाला तर पगार कापला जातो, त्या निवेदन घेऊन कुठे जाणार?

1 जून 2025 ला पीएमपीचं किमान तिकीट पाचाचं दहा झालं. मावशींच्या दोन बस, जाऊन-येऊन चार तिकिटं, महिन्याचे सव्वीस दिवस. दोन्ही टप्पे किमान अंतराचे धरले तरी 520 चे 1040 झाले. आपल्याला ते पाचशे वीस रुपये म्हणजे एक पिझ्झा. आणि ही दरवाढ झाली तेव्हा विचारायला नगरसेवकच नव्हते. मार्च 2022 ते जानेवारी 2026, जवळपास चार वर्षं, दोन्ही महापालिकांत प्रशासक होते. आता निवडून आलेली माणसं पुन्हा तिथे आहेत. त्यांना विचारायचं नाही तर मग कधी?

आणि काय विचारायचं? "मोफत करा" एवढंच नको. मोफत पण तासाला एक, अशी बस कुणाच्या कामाची? माझ्या मते मागण्या चार. एक, तूट हा शब्द बजेटमधून काढा, आणि दर किलोमीटर सेवेमागे ठरलेली रक्कम दर महिन्याला ठरलेल्या तारखेला द्या. दोन, लोकसंख्येच्या निकषाप्रमाणे ताफा, आणि तो किती वर्षांत होणार त्याचं वेळापत्रक. तीन, मुख्य रस्त्यांवर बसला स्वतःची लेन. चार, थांब्यावर छप्पर, बाकडं, दिवा आणि तिथपर्यंत चालता येईल असा फुटपाथ.

यासाठी लढणारी माणसं आहेत. पीएमपी प्रवासी मंच आणि परिसर या संस्था वर्षानुवर्षं हेच सांगताहेत. आपण त्यांच्या बैठकीला एकदा तरी गेलोय? पुणे महापालिकेत 2006 पासून नागरिकांच्या सूचनांचं अंदाजपत्रक आहे, प्रभागातल्या छोट्या कामांसाठी अर्ज करता येतो. अर्ज एका पानाचा असतो. आपण ऑफिसात याहून लांब ईमेल रजा मागायला लिहितो.

मी परवा मावशींच्या अर्जावर सही केली. सोसायटीची नाही, माझी एकट्याची, फ्लॅट नंबरासकट. मावशींनी सही बघितली, कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "एकाच्या सहीनं काय होतंय दादा, बाकीच्यांची बघा की."

बरोबर आहे त्यांचं. पुढच्या महिन्यात मीटिंग आहे, विषय पुन्हा घ्यावा म्हणून सेक्रेटरींना पत्र दिलंय. या वेळी कुणी विचारलं की आपल्यातलं बसने जातं कोण, तर उत्तर तयार आहे. आणि हसायला मी त्यांच्यात नसेन.