झोपलेला बाप आणि भला काझी

फाळणीवरची बालकादंबरी आणि नाश्त्याच्या पाकिटाची जाहिरात यांचा एकमेकांशी काय संबंध, असं कुणीही विचारेल. माझ्या मते संबंध आहे. अल्पसंख्याक माणसाला चित्रात जागा मिळते ती कोणत्या अटीवर, हा प्रश्न दोन्हींमध्ये आहे. आपल्या वयाच्या मुलामुलींनी तो विचारायला हवा.

आधी कादंबरी. वीरा हिरानंदानी यांची ‘द नाईट डायरी’ २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि २०१९ मध्ये तिला न्यूबेरी ऑनर हा तिथला मानाचा सन्मान मिळाला. लेखिकेच्या वडिलांचं कुटुंब १९४७ मध्ये सिंधमधल्या मीरपूर खासहून जोधपूरला आलं होतं. कादंबरीतली बारा वर्षांची निशा त्याच वाटेनं निघते. तिचे वडील हिंदू, डॉक्टर. आई मुसलमान होती आणि निशाच्या व तिच्या जुळ्या भावाच्या जन्माच्या वेळीच वारली. निशा रोज रात्री त्या न पाहिलेल्या आईला पत्र लिहिते. तिच्यापुढचा प्रश्न साधा आणि भयंकर आहे: देश धर्मावर वाटला गेला, तर अर्ध्या-अर्ध्या मुलीनं कुठल्या बाजूला उभं राहायचं?

पुस्तक वाचायलाच हवं. निर्वासितांची गोष्ट आकड्यांनी सांगितली की ती लांब राहते. लाखो विस्थापित, लाखो मृत्यू, एवढं वाचून आपण पान उलटतो. इथे मात्र पिण्याचं पाणी संपत आलंय, भाऊ अशक्त झालाय, आणि वडिलांना काय करावं ते सुचत नाहीये. घर सुटतं म्हणजे स्वयंपाकघर सुटतं, हे लेखिकेला नेमकं कळलंय. निशा बोलायला लाजते, पण घरच्या आचाऱ्याच्या, काझीच्या शेजारी उभी राहून मसाला कुटताना ती मोकळी होते. काझी मुसलमान, म्हणून तो मागे राहतो.

आता माझी तक्रार. ती खरं तर माझ्या नववीतल्या भाचीची आहे. पुस्तक संपवून तिनं विचारलं, “मामू, हा काझी कधी चिडत कसा नाही?” मी पुन्हा पानं चाळली. निशाचे वडील कडक आहेत, चुकतात, मुलाला समजून घेत नाहीत, आणि तरीही आपल्याला आवडतात. त्यांना पूर्ण माणूस होण्याची मुभा आहे. काझी आणि मुलांचा रशीदमामा मात्र प्रेम देतात, आसरा देतात, धोका पत्करतात. त्यांच्या वाट्याला फक्त भलेपणा आलाय. द्वेषाच्या काळात भला मुसलमान दाखवणं हे धाडसच आहे, हे मला मान्य आहे. पण भलेपणा ही आत येण्याची फी झाली की अडचण सुरू होते.

आता जाहिरात. अमेरिकेत जनरल मिल्स कंपनीचं चीरिओज नावाचं सीरियल आहे. २०१३ च्या मे महिन्यात त्याची अर्ध्या मिनिटाची जाहिरात आली. छोटी मुलगी आईला विचारते, हे हृदयासाठी चांगलं असतं ना? आई हो म्हणते. मुलगी खोका उचलून पळते. पुढच्या दृश्यात सोफ्यावर झोपलेला बाप जागा होतो, तर त्याच्या छातीवर हृदयाच्या बाजूला चीरिओजचा ढीग! आई गोरी आणि बाप काळा आहे. आई-बाप एका चौकटीत दिसतही नाहीत.

एवढ्यावरून यूट्यूबवर इतकं वर्णद्वेषी लिखाण झालं की कंपनीनं प्रतिक्रिया बंद केल्या. जाहिरात मात्र मागे घेतली नाही. २०१४ मध्ये सुपर बोलच्या वेळी तेच कुटुंब पुन्हा पडद्यावर आलं, घरात नवं बाळ येणार असल्याची बातमी घेऊन.

कंपनीला संत ठरवायची गरज नाही. तिला पाकीट विकायचं होतं. कोलेस्टेरॉल कमी करण्याच्या तिच्या दाव्याबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २००९ मध्येच तिला ताकीद दिली होती. म्हणजे मुलीचा निरागस प्रश्न हा विक्रीचाच भाग आहे, हे ओळखायला शिकलं पाहिजे. तरीही मला यातला बाप आवडतो, कारण तो काहीच करत नाही. कुणाचा जीव वाचवत नाही, भाषण देत नाही. दुपारी डुलकी काढतो. चिडणाऱ्यांना नेमकं तेच खुपलं असावं. नायक असता तर कदाचित चालवून घेतला असता. सोफ्यावर हक्कानं झोपलेला माणूस म्हणजे त्या घराचा मालक.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कची जाहिरात आली. मुसलमान सासू हिंदू सुनेचं डोहाळजेवण तिच्या पद्धतीनं करते. सासू इतकी मायाळू, इतकी समंजस, की काझीची बहीण शोभावी. तरीही बहिष्काराची हाक आली आणि काही दिवसांत जाहिरात मागे घेतली गेली. मला यातून एकच गोष्ट दिसते: फी पूर्ण भरली तरी दार उघडेलच याची खात्री नाही. मग ती भरत राहायची कशाला?

रत्नागिरीत राहणाऱ्याला तर घर सुटलेल्या माणसांची गोष्ट परकी नाही. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं, पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं, आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याच्या थोरल्या मुलीची मुलगी टुटू. बाप इथला सावंत, आई ब्रह्मी राजकन्या. ती मराठी बोलत इथेच राहिली, इथेच तिनं संसार केला. निशासारखीच अर्धी-अर्धी. आणि कोकणी मुसलमानांची तर किती घरं अशी आहेत, ज्यांचे नातेवाईक कराचीला आहेत. या घरांतल्या मुलांची गोष्ट मराठीत कोण लिहिणार? अमेरिकेतल्या लेखिकेनं मीरपूर खास लिहिलं. राजिवडा आणि मिरकरवाडा आपणच लिहायला हवेत.

लिहाल तेव्हा एक करा. तुमच्या गोष्टीतल्या अब्बांना थोर करू नका. त्यांना घावन करपलं म्हणून कुरकुरू द्या, क्रिकेटवरून भांडू द्या, जेवून आरामखुर्चीत घोरू द्या. या देशात राहण्यासाठी त्यांनी कुणाचा जीव वाचवलेला असण्याची अट नाही. नागरिक असणं पुरेसं आहे.