काठीचा ढोल आणि आमचे कान

नंदुरबारसारख्या आडबाजूच्या जिल्ह्यांत चांगलें संगीत कानीं पडत नाहीं, त्यासाठीं पुण्या-मुंबईसच जावें लागतें, अशी तक्रार आमच्या सुशिक्षित पालकवर्गांत आम्हीं अनेक वेळां ऐकिली आहे. तक्रार करणारे गृहस्थ खरोखरीचे रसिक असतात. कांहीं जण डिसेंबरांत रजा काढून सवाई गंधर्वांच्या महोत्सवास जाऊनहि येतात. तेव्हां त्यांच्या रसिकतेविषयीं आम्हांस मुळींच शंका नाहीं. शंका आहे ती त्यांच्या भूगोलाविषयीं. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें ज्या जिल्ह्यांत शंभरांतील सुमारें एकोणसत्तर माणसें आदिवासी समाजांतील आहेत, आणि ज्यांतील एका डोंगरगांवीं वर्षांतून एकदां हजारों स्त्रीपुरुष जमून सूर्यास्तापासून पहांटेपर्यंत वाजवितात, गातात व नाचतात, त्या जिल्ह्यांत संगीत नाहीं असें म्हणणें म्हणजे तापीच्या कांठीं उभें राहून पाण्याचा पत्ता विचारण्यासारखें आहे.

तें गांव म्हणजे अक्कलकुवा तालुक्यांतील काठी. सातपुड्याच्या कुशींतील मेवासी संस्थानांपैकीं हें एक जुनें संस्थान. संस्थान गेलें, परंतु तेथील होळी राहिली. ही होळी सन १२४६ पासून चालत आली आहे असें तेथील लोक सांगतात. होळीचा उंच बांबू जंगलांतून वाजतगाजत आणितात, तो उभा करितात, रात्रभर त्याच्याभोंवतीं नाचतात, व पहांटे ती पेटवितात. आपल्याकडे सायंकाळीं होळी पेटली कीं बोंब मारून व पोळीचा नैवेद्य दाखवून मंडळी घरीं जातात. काठीस अग्नि हा रात्रीचा आरंभ नसून शेवट आहे. हा फरक लहान वाटेल, पण सगळी रात्र त्या एका गोष्टीनें बांधली जाते.

सन २०२४ मध्यें होळी रविवारीं, ता. २४ मार्च रोजीं आली, व सोमवारीं धुळवडीची सुटी होती. आमचे कॉलेजांतील एक स्नेही पुण्यास असतात. त्यांनीं बारा वर्षें तबला शिकण्यांत घालविलीं आहेत, व सवाईची वारी ते सहसा चुकवीत नाहींत. त्यांस आम्हीं मुद्दाम बोलाविलें. शनिवारीं ते आले, व रविवारीं सकाळीं आम्ही दोघे एस. टी. नें निघालों. तापी ओलांडून तळोदें, तेथून अक्कलकुवें, आणि पुढें देवगोई घाट चढून मोलगीच्या रस्त्यानें काठी. घाटांत पळस पेटले होते, आणि मोहाखालीं फुलें वेंचणाऱ्या बायका दिसत होत्या. स्नेह्यांस प्रवासाचा शीण फार झाला. परंतु घाटाच्या वळणांवर एकदां मागें सपाटीकडे पाहिल्यावर त्यांनीं कुरकुर सोडून दिली. प्रवासाचें वर्णन इतकें पुरे. आमच्या वार्षिकांत प्रवासवर्णनें उदंड असतात, व हा लेख त्यांत भर घालण्यासाठीं लिहिलेला नाहीं.

संध्याकाळपासून गांवोगांवचीं पथकें येऊं लागलीं. अंगावर पांढरे ठिपके व रेघा ओढलेले, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, कमरेस वाळलेल्या दुधी भोपळ्यांची माळ व घुंगरूं, असे हे नाचणारे पुरुष. त्यांस बावा, बुध्या अशीं नांवें आहेत. ही सोंगें हौसेनें घेतलेलीं नसतात. नवसाचीं असतात, आणि तीं घेणारे कित्येक दिवस आधींपासून व्रत पाळतात, खाटेवर निजत नाहींत. प्रत्येक पथकाबरोबर त्याचा ढोल. हे ढोल आमच्या सपाटीवरील वरातींतल्या ढोलांसारखे नव्हेत. ते आकारानें प्रचंड असून त्यांचा नाद आधीं छातींत जाणवतो व मग कानांत येतो.

आमचे स्नेही पहिला तासभर बोटांवर मात्रा मोजीत बसले होते. एका ढोलाचा हिशेब जुळतो न जुळतो तोंच शेजारचें पथक दुसऱ्या लयींत जवळ येई, आणि सगळें विस्कटे. ते वैतागून म्हणाले कीं हा नुसता गलका आहे. आम्ही कांहीं बोललों नाहीं. पुढें बऱ्याच वेळानें त्यांनीं आमचा दंड धरिला व म्हणाले, "अरे, मी इतका वेळ ढोल मोजीत होतों. सम ढोलांत नाहींच; ती यांच्या पायांत आहे. घुंगरांकडे कान दे." आम्हांस तबला येत नाहीं, त्यामुळें या मताची परीक्षा करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पण कान घुंगरांकडे दिल्यावर एक गोष्ट आमच्याहि ध्यानांत आली. शेंकडों पायांचें पाऊल एकदम पडे, त्याच वेळीं कमरेचे भोपळे कोरडे खडखडत, आणि मग ढोल त्या पावलाभोंवतीं खेळत असल्याचें ऐकूं येई. गलका निवळला आणि त्यांत वेगवेगळे प्रवाह दिसूं लागले. एक पथक दूर गेलें कीं दुसरें पुढें येई. पुण्याच्या मांडवांत गवई एका जागीं बसतो व श्रोता त्याच्याकडे तोंड करून बसतो. येथें नाचणारे वर्तुळांत, त्यांचीं तोंडें आंत, आणि गाणें श्रोत्यासाठीं गाइलेलेंच नसतें. श्रोता म्हणून वेगळी जातच तेथें नाहीं. जो येतो तो नाचतो, वाजवितो, किंवा नाचून दमल्यामुळें बाजूस बसतो.

आतां पुण्याच्या महोत्सवाविषयीं दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, हे १९५२ सालीं निवर्तले. १९५३ पासून त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनीं गुरूच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला, व २०११ सालीं स्वतः भीमसेन निवर्तल्यावर त्यांचेंहि नांव त्यास जोडलें गेलें. रमणबाग शाळेच्या पटांगणांत हजारों लोक घोंगड्या-शाली घेऊन रात्रभर बसत, आणि पहांटेचे राग पहांटेस ऐकत. पुढें ध्वनिप्रदूषणाचे सन २००० चे नियम आले. रात्रीं दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावतां येईना. ठराविक दिवशीं तेवढी बारापर्यंत सवलत. नियम योग्यच आहे, कारण शहरांत आजारी माणसें असतात व परीक्षार्थी मुलेंहि असतात. परंतु त्यामुळें महोत्सव दुपारीं सुरू होऊं लागला, आणि रात्रीच्या शेवटच्या प्रहराचे राग त्या मांडवांतून बहुतेक नाहींसे झाले. २०१८ पासून जागाहि बदलून मुकुंदनगरांत गेली. आमचे स्नेही या गोष्टीनें नेहमीं हळहळतात. काठीस पहांटे चारच्या सुमारास, थंडी वाजत असतां, ढोलाची लय मंदावून पुन्हां चढूं लागली, तेव्हां ते कांहीं वेळ गप्प बसले व मग म्हणाले कीं, अशा वेळीं माणसांच्या घोळक्यांत जागें असण्यास आपण किती वर्षांत मुकलों आहोंत! गाण्याची तुलना आम्ही करीत नाहीं. किराणा घराण्याची ख्यालगायकी निराळी, सातपुड्याचा ढोल निराळा. पण रात्र तीच असते.

या रात्रीस एका गोष्टीनें दृष्ट लागली होती, ती म्हणजे आमच्यासारखी पाहुणे मंडळी. मोबाइल फोनचे दिवे इतके कीं नाचणाऱ्यांच्या डोळ्यांवर सारखी चमक. एका गृहस्थानें नवसाच्या बाव्यास नाच थांबवून आपल्या मुलाशेजारीं उभें राहावयास सांगितलें, आणि तो बिचारा उभा राहिला. व्रत पाळणाऱ्या माणसास आपण देवळांत किंवा चर्चमध्यें असें मध्येंच थांबविलें असतें काय? गांवाबाहेर एका मोटारीवर मोठमोठे कर्णे लावून सिनेमांतील गाणीं चालविलीं होतीं, तीं तर ढोलाच्या वरताण. ढोल कोणाच्याहि कर्ण्याशीं स्पर्धा करण्यासाठीं घडविलेला नसतो. वाजविणारा दमतो; यंत्र दमत नाहीं. आम्हांस खरी भीति आहे ती हीच. काठीची होळी बंद पडेल असें आम्हांस वाटत नाहीं. ती पाहणाऱ्यांसाठीं होऊं लागेल, हें मात्र संभवतें. मग बांबू संध्याकाळींच पेटेल, कारण पाहुण्यांस रात्रींच परत जावयाचें असतें.

आम्ही परत आल्यावर दोन प्रकारच्या पालकांनीं आम्हांस विचारलें. ख्रिस्ती पालकांचा प्रश्न असा कीं, मिशन शाळेच्या शिक्षकानें होळीस जावें काय? आमच्या आजोबांच्या पिढींत पुष्कळ ख्रिस्ती घरांतून ढोल बाहेर गेला, हें आम्ही जाणतों. त्या वेळच्या वडील मंडळींस मूर्ख म्हणण्याचें आमच्या मनांतहि नाहीं. ढोलाबरोबर मोहाची दारू येई, दारूबरोबर सावकार येई, आणि एकास घालविण्यासाठीं त्यांनीं तिघांनाहि दार दाखविलें. परंतु त्याच सुमारास देशावर रेव्हरंड नारायण वामन टिळक अभंग, ओवी व कीर्तन ख्रिस्ती उपासनेंत रुजवीत होते, आणि त्यांवरहि प्रथम नाकें मुरडलीं गेलीं होतीं. १९१९ सालीं टिळक वारले. आज त्यांचीं पदें नसतील अशी मराठी उपासना सांपडणें कठीण. देशावरच्या वीणेस व मृदंगास जो न्याय मिळाला, तो सातपुड्याच्या ढोलास कां मिळूं नये? दीडशेंव्या स्तोत्रांत डफ, नृत्य व झांजा यांचा उल्लेख आहेच. तेथें कोणत्या गांवचा डफ चालेल हें लिहिलेलें नाहीं. आम्ही तेथें पूजा करण्यास गेलों नव्हतों. शेजाऱ्याच्या घरीं मोठें कार्य असतां जसें जातात, तसे गेलों होतों.

दुसरा प्रश्न डोंगरांतील पालकांचा, आणि तो आम्हांस अधिक लागला. एक वडील म्हणाले, "गुरुजी, ढोल तर घरींहि आहे. पोर तुमच्याकडे इंग्रजी शिकायला ठेवलं." त्यांचें म्हणणें आम्हांस पूर्ण मान्य आहे. इंग्रजी व गणित या शाळेंतून मिळालेंच पाहिजे, व ढोलाच्या नांवाखालीं तें कमी पडूं देणें हा त्या पोराचा घात होईल. पण पोर आमच्याकडे शिकत असतां आणखीहि कांहीं शिकतें, तें असें कीं, घरच्या ढोलाचें नांव वर्गांत काढूं नये. भिली, पावरी, देहवाली, मावची बोलणारीं मुलें आमच्यासमोर बसतात. गातां येतें काय, असें विचारलें तर बहुतेक जण मान हलवून नाहीं म्हणतात. काठीस त्यांतलाच एक जण आम्हांस ढोलामागें दिसला. आम्हांस पाहून तो लाजला, आणि मग लाजणें विसरून गेला, कारण हात थांबवितां येत नव्हते.

याच मुलांस आमच्या भागांतील व बाहेरील अनेक शाळांच्या स्नेहसंमेलनांत 'आदिवासी नृत्य' म्हणून काय करावयास लावितात तें पालकांनीं पाहिलेंच आहे. अंगास काळा रंग, कमरेस पाल्याचा घागरा, हातांत पुठ्ठ्याचे भाले, तोंडीं 'झिंगालाला', आणि मागें ध्वनिक्षेपकावर मुंबईंत तयार झालेलें गाणें. असा पाल्याचा घागरा सातपुड्यांत आम्हीं आजवर पाहिलेला नाहीं. ज्या मुलाच्या घरीं खरा ढोल खुंटीस टांगलेला आहे, त्यानेंच हें सोंग घ्यावें, यापरता विपर्यास कोणता? पुढील संमेलनांत हा प्रकार आमच्या शाळेंत होऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्यांच्या घरीं ढोल आहे त्यांनीं तो आणावा, वडिलांस व काकांस बरोबर आणावें, आणि रंगमंचावर न चढतां पटांगणांत, ध्वनिक्षेपक बंद ठेवून, आपल्या पद्धतीनें वाजवावें. सपाटीवरील मुलांनीं भोंवतीं बसून प्रथम पाय ऐकावेत. व्रताचा वेष मात्र संमेलनांत नको; तो होळीचा आहे, तेथेंच शोभतो.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं ज्यांस काठीस जावयाचें असेल त्यांनीं अवश्य जावें. पण पहांटेपर्यंत थांबण्याची तयारी ठेवून जावें, फोन खिशांत ठेवावा, आणि छायाचित्र घेणें झालेंच तर आधीं विचारावें.

राहिला हजेरीचा प्रश्न. दिवाळीस व नाताळास शाळा बंद असते. होळी ही सातपुड्यांतील मुलांची दिवाळी आहे, परंतु तिला एकच दिवस सुटी, आणि त्या दिवशीं अर्धीं मुलें अजून घाटांत असतात. दुसऱ्या दिवशीं त्यांच्या नांवांपुढें गैरहजेरीची फुली पडते. किंवा मुलगा 'ताप आला होता' असा खोटा अर्ज आणतो, आणि आम्ही तो खोटा आहे हें ठाऊक असून ठेवून घेतों. त्यापेक्षां होळीपूर्वीं खऱ्या कारणाचा अर्ज घेऊन दोन दिवसांची रजा द्यावी, व बुडालेले तास रविवारीं भरून काढावेत. रविवारचे तास दुपारनंतर आम्ही स्वतः घेऊं. दहावीच्या मुलांची अडचण मोठी आहे. २०२४ सालीं त्यांची परीक्षा ता. २६ मार्चपर्यंत होती, म्हणजे होळी पेटली त्याच्या दुसऱ्याच दिवशीं त्यांस पेपरास बसावयाचें होतें. होळीनंतरचे दोन दिवस वेळापत्रकांत मोकळे ठेवावेत, असा विनंतिअर्ज नाशिक विभागीय मंडळाकडे धाडतां येईल. मसुदा आम्हीं तयार केला आहे. पालकांच्या सह्या तेवढ्या हव्यात. त्या कार्यालयांत कोणत्याहि दिवशीं शाळेच्या वेळांत करतां येतील.