उधाणाबरोबर येणारी पिल्ले

कोकणातला कोळी तिथी पाहतो ती पाण्यासाठी. अमावस्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, सूर्य-चंद्राची ओढ एकवटते आणि भरती मोठी होते. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास ही ओढ काटकोनात विभागली जाते आणि पाणी मंदावते. तो भांग. बंगालात यांनाच भरा कोटाल आणि मरा कोटाल म्हणतात.

तिथल्या सुंदरबनात या हिशेबावर टायगर कोळंबीचा, म्हणजे बंगाली लोकांच्या बागद्याचा, जन्मक्रम चालतो. मादी अंडी घालते ती समुद्रात, आणि तीही लाखांनी. अंड्यातून निघालेला जीव काही दिवसांत अनेक रूपे पालटून सेंटिमीटरभर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक होतो. आता त्याला खाडीचे निमखारे, अन्नाने भरलेले पाणी हवे असते. पण प्रवाह कापून जाण्याइतके बळ त्याच्या अंगात कुठले? मग तो एक युक्ती करतो. पाण्याचा खारेपणा वाढू लागला, की भरती आली असे ओळखून वर येतो आणि पाण्याबरोबर आत वाहतो. खारेपणा उतरू लागला, की तळाशी बसून राहतो. असे टप्प्याटप्प्याने तो खारफुटीपर्यंत पोहोचतो. उधाणात हा टप्पा लांब पडतो, म्हणून अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पिल्लांची गर्दी होते.

खेकड्यांचा रिवाज नेमका उलटा. खारफुटीतल्या अनेक लहान खेकड्यांच्या माद्या उधाणाच्या रात्री, भरती पुरी झाल्यावर, पिल्ले सोडतात. जोराची ओहोटी त्यांना खाडीतल्या भुकेल्या माशांपासून दूर नेते.

हे वेळापत्रक माणसालाही पाठ आहे. उधाणाचे दिवस आले, की सुंदरबनातल्या बायका आणि मुले कमरेएवढ्या पाण्यात बारीक जाळे ओढत चालतात. मगरीची भीती असते, पण तळ्यांत कोळंबी वाढवणारे या बीजाचे रोख पैसे देतात. काठावर बसून एकेक बागदा वेचला जातो. जाळ्यात त्याच्या कितीतरी पट इतर मासे, कोळंबी आणि खेकडे यांची पिल्ले आलेली असतात. ती चिखलात फेकली जातात, आणि तिथेच सुकून मरतात. पुढे ज्या माशांवर त्याच घरातल्या पुरुषांची होडी चालायची, ते हेच. बांगलादेशाने 2000 साली असे बीज पकडायला बंदी केली, तरी जाळी थांबली नाहीत. ज्या घरी दुसरी मिळकत नाही, तिथे कायदा काय करणार?

हिलशाच्या बाबतीत मात्र त्याच देशाने चंद्राचाच आधार घेतला. आश्विनातली पौर्णिमा, म्हणजे आपली कोजागरी, ही हिलशाच्या अंडी घालण्याच्या भराची वेळ. ती धरून 2016 पासून दरवर्षी 22 दिवस हिलसा पकडणे बंद असते आणि त्या काळात कोळ्यांना सरकारी तांदूळ दिला जातो. तांदळाशिवाय ही बंदी पाळली गेली नसती.

बागद्याचे बीज वेचणाऱ्या बाईला असा तांदूळ मिळत नाही. तिला एवढेच सांगता येते, की वेचणी जाळ्यातले जीव पाण्याच्या घमेल्यात ठेवून करावी आणि उरलेले लगेच खाडीत ओतावे. भरती चढती असेल, तर त्यातली बरीच पिल्ले पाण्याबरोबर आत निघून जातील.