विश्लेषण : रुतणारे हेल्मेट आरशावरच लटकते! आरामदायी फ्लिप-अप हेल्मेट कसे निवडावे?

हेल्मेट घेताना बहुतेक दुचाकीस्वार रंग, किंमत आणि फार तर आयएसआय चिन्ह पाहतात. कपाळाला रुतते का, चष्मा घालता येतो का, तासाभराने मान अवघडते का, हे प्रश्न घरी आल्यावर पडतात. मग तेच हेल्मेट आरशावर, कोपरात किंवा पेट्रोलच्या टाकीवर दिसू लागते. या त्रासावरचा उपाय म्हणून अनेक जण समोरून उघडणाऱ्या फ्लिप-अप हेल्मेटकडे वळत आहेत. ते खरोखर सोयीचे आहे का, सुरक्षित आहे का आणि निवडताना काय तपासावे, याचा हा आढावा.

फ्लिप-अप हेल्मेट म्हणजे काय?

फुल फेस हेल्मेटमध्ये हनुवटीसमोरचा भाग, म्हणजे चिन बार, कवचाचाच अखंड भाग असतो. फ्लिप-अपमध्ये हा भाग दोन्ही बाजूंच्या बिजागऱ्यांवर बसवलेला असतो. मध्यभागी असलेले बटण दाबले की चिन बार काचेसह वर सरकतो आणि चेहरा मोकळा होतो. खाली ओढला की दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या अडकतात. यालाच मॉड्युलर हेल्मेट असेही म्हणतात. हा प्रकार नवा नाही. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९८१ मध्ये ‘सिस्टीम हेल्मेट’ या नावाने असे हेल्मेट बाजारात आणले होते. भारतात स्टड्स, व्हेगा, स्टीलबर्ड, एसएमके अशा अनेक कंपन्यांची फ्लिप-अप हेल्मेट मिळतात. साधारण दोन हजार रुपयांच्या आसपास त्यांची सुरुवात होते. परदेशी बनावटीच्या हेल्मेटची किंमत काही हजारांपासून थेट पन्नास हजारांच्या पुढेही जाते.

त्याला पसंती का?

पहिले कारण चष्मा. फुल फेस हेल्मेट घालताना चष्मा काढावा लागतो आणि मग काड्या गाद्यांमधून आत सरकवण्याची कसरत करावी लागते. फ्लिप-अप बहुतेक वेळा चष्म्यासकट घालता येते. दुसरे कारण थांबे. पेट्रोल पंप, सोसायटीचे फाटक, पत्ता विचारणे, पाणी पिणे, या प्रत्येक ठिकाणी हेल्मेट काढण्याऐवजी फक्त चिन बार वर करता येतो. दिवसभर दारोदार फिरणाऱ्या डिलिव्हरी कर्मचाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे. तिसरे कारण उकाडा. मे महिन्यात नागपूरच्या सिग्नलवर किंवा मुंबईच्या दमट हवेत दोन मिनिटे चेहरा मोकळा होणे ही छोटी गोष्ट नसते. ज्यांना बंद हेल्मेटमध्ये घुसमटल्यासारखे होते, त्यांनाही हा प्रकार सोयीचा वाटतो.

आराम हा सुरक्षेचा प्रश्न कसा?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यातील हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार आणि सहप्रवासी मिळून ५० हजार २९ होते. यात वाहनचालक ३५ हजार ६९२, तर मागे बसलेले १४ हजार ३३७ होते. दुसऱ्या बाजूला, विविध देशांतील अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे आढळले.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ हेल्मेट बंधनकारक करते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ ड नुसार एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्र ठरण्याची तरतूद आहे. तरीही हेल्मेट पोलिसांच्या नाक्यापुरते डोक्यावर चढते. याचे एक साधे कारण असे की अनेकांच्या डोक्यावरचे हेल्मेट त्यांच्या मापाचे नसते. जे रुतते ते काढले जाते, जे सैल असते ते अपघातात निसटते. म्हणूनच आराम ही चैन मानून चालणार नाही. हेल्मेट रोज आणि पूर्ण प्रवासभर डोक्यावर राहण्याची ती अट आहे.

माप कसे घ्यावे?

शिंप्याची मोजपट्टी भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटिमीटर ठेवून डोक्याभोवती, मागच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवावी. दोन-तीन वेळा मोजून सर्वांत मोठा आकडा घ्यावा. भारतीय बाजारात ५८ सेंटिमीटर हे साधारणपणे मध्यम, तर ६० सेंटिमीटर हे मोठे माप मानले जाते. मात्र प्रत्येक कंपनीचे माप थोडे वेगळे असते, त्यामुळे त्या कंपनीचा तक्ता पाहावा. अंबाडा किंवा केसांची क्लिप असेल तर हेल्मेट वर उचलले जाते. रोज हेल्मेट घालताना केस जसे बांधले जातात, तसेच बांधून हेल्मेट घालून पाहावे.

परीघ जुळला म्हणजे काम झाले, असे नाही. कोणाचे डोके गोलसर, तर कोणाचे पुढून मागे लांबट असते. परीघ दोघांचा ५८ असला तरी लांबट डोक्याच्या व्यक्तीला गोल साच्याचे हेल्मेट कपाळावर टोचते आणि कानांच्या वर पोकळी राहते. गोल डोक्याला लांबट साचा कानशिलांवर दाबतो. अशा वेळी एक माप मोठे घेणे हा उपाय नाही. वेगळ्या कंपनीचा किंवा वेगळ्या साच्याचा नमुना पाहावा.

दुकानात काय तपासावे?

हेल्मेट घालून बक्कल लावावे आणि किमान पंधरा-वीस मिनिटे तसेच राहावे. पहिल्या मिनिटाला बहुतेक हेल्मेट बरे वाटते, टोचणे नंतर कळते. काढल्यावर कपाळावर एकाच जागी लाल ठिपका किंवा वळ दिसला तर ते हेल्मेट नको. गालांच्या गाद्या गाल थोडे वर ढकलतील इतक्या घट्ट हव्यात. काही आठवड्यांत त्या दबतात, म्हणून सुरुवातीला ‘मस्त मोकळे’ वाटणारे हेल्मेट पुढे सैल होते.

हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे फिरवावे. कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे, हेल्मेट कातडीवरून घसरता कामा नये. मग बक्कल लावलेल्या स्थितीत मागची कडा वर उचलून पुढे ढकलून पाहावी. हेल्मेट डोक्यावरून निघून आले तर ते अपघातातही निघेल. पट्टा आणि हनुवटी यांच्यात एक-दोन बोटांपेक्षा जास्त जागा नसावी.

फ्लिप-अपसाठी आणखी तीन चाचण्या हव्यात. चिन बार बंद करताना दोन्ही बाजूंचा ‘टक’ आवाज आला पाहिजे. एकच बाजू अडकली असेल तर कुलूप अर्धवट आहे. बंद केल्यावर चिन बार जोरात पुढे आणि वर ओढून पाहावा. खिट्टी धातूची आहे की प्लास्टिकची, हे दुकानदाराला विचारावे. धातूची खिट्टी झिजायला जास्त काळ घेते. तिसरी चाचणी हातमोज्याची. हातमोजा घालून एका हाताने बटण सापडते का, हे पाहावे. चष्मा वापरणाऱ्यांनी चिन बार खाली घेताना तो नाकाला किंवा चष्म्याला घासत नाही ना, याचीही खात्री करावी.

वजन आणि आवाजाचे काय?

बिजागऱ्या, खिट्ट्या आणि अनेकदा आतली काळी काच यांमुळे फ्लिप-अप हेल्मेट त्याच दर्जाच्या फुल फेसपेक्षा जड असते. अनेक फ्लिप-अप दीड किलोपासून १८०० ग्रॅमपर्यंत भरतात. शहरात वीस मिनिटांच्या प्रवासात दोनशे ग्रॅमचा फरक जाणवत नाही. पुणे-कोल्हापूर प्रवासात तो मानेला नक्की जाणवतो. त्यामुळे वजन किती आहे, यासोबत ते डोक्यावर समतोल आहे का, हेही पाहावे. पुढे झुकणारे हेल्मेट कमी वजनाचे असूनही थकवते.

जिथे सांधा तिथून हवा शिरते आणि जिथे हवा शिरते तिथे आवाज होतो. म्हणून महामार्गाच्या वेगात फ्लिप-अप साधारणपणे जास्त आवाज करते. मानेभोवतीचे अस्तर घट्ट असेल तर आवाज कमी होतो. मोठा प्रवास नेहमीचा असणाऱ्यांनी हा मुद्दा किमतीइतकाच महत्त्वाचा मानावा.

चिन बार उघडा ठेवून गाडी चालवली तर?

या हेल्मेटची खरी परीक्षा इथे आहे. सिग्नलवर वर केलेला चिन बार सिग्नल सुटल्यावरही वरच राहतो, हे दृश्य कोणत्याही शहरात दिसते. जर्मन संशोधक डिटमार ओटे यांच्या अपघातांच्या अभ्यासात हेल्मेटवरील आघातांपैकी सुमारे एकतृतीयांश आघात हनुवटीच्या भागात झाल्याचे आढळले होते. म्हणजे चिन बार उघडा ठेवला की संरक्षणाचा मोठा वाटा डोक्यावर नुसता मिरवला जातो. शिवाय वर उचललेला भाग वारा अडवतो आणि मानेला मागे ओढतो.

संयुक्त राष्ट्रांच्या ईसीई मानकात याचे उत्तर खुणेतून दिलेले असते. पट्ट्यावर शिवलेल्या लेबलवर ‘पी’ हे अक्षर असेल तर हनुवटीच्या संरक्षणाची चाचणी झालेली असते. ‘जे’ म्हणजे उघड्या चेहऱ्याचे हेल्मेट. ‘पी/जे’ अशी दोन्ही अक्षरे असतील तर ते दोन्ही स्थितींसाठी मान्य असते. ‘एनपी’ असेल तर चिन बार केवळ आवरण आहे, संरक्षण नाही. ‘पी/जे’ हेल्मेटही उघडे असताना हनुवटी वाचवत नाही, हे लक्षात ठेवावे. अमेरिकेच्या डॉट मानकात तर चिन बारची आघात चाचणीच नाही. त्यामुळे ‘डॉट’ हा स्टिकर पाहून फ्लिप-अप घेणे योग्य नाही.

ब्रिटन सरकारच्या ‘शार्प’ उपक्रमात फ्लिप-अप हेल्मेटना तारांकन देतानाच, किती टक्के आघातांत चिन बार बंद राहिला हेही जाहीर केले जाते. परदेशी बनावटीचे हेल्मेट घेणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

आयएसआय चिन्ह पुरेसे आहे का?

ते किमान अट आहे. १ जून २०२१ पासून देशात दुचाकीच्या हेल्मेटवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. चिन्हाच्या वर ‘आयएस ४१५१’ हा मानक क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. रस्त्याकडेला मिळणाऱ्या स्वस्त हेल्मेटवर नुसता स्टिकर असू शकतो. भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोफत ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे का, हे कळते. या तपासणीला दोन मिनिटे लागतात.

देखभाल कशी करावी?

गाद्या काढून धुता येतील असेच हेल्मेट घ्यावे. घामाने कुबट झालेले अस्तर हेही हेल्मेट टाळण्याचे कारण ठरते. पावसाळ्यात घाटात काचेवर वाफ धरते, म्हणून धुके-रोधक पापुद्रा बसवण्याची सोय आहे का, ते पाहावे. रात्री आतली काळी काच वर करावी. पेट्रोल किंवा थिनरने कवच पुसू नये, त्याने प्लास्टिक कमकुवत होते. साधे साबणाचे पाणी पुरते. बिजागरीतली धूळ मऊ ब्रशने काढावी. खिट्टी अडखळू लागली तर वापर थांबवून दुरुस्ती करावी.

कवचाच्या आत थर्माकोलसारखा फेसाळ थर असतो. आघातात तो दबतो आणि धक्का शोषून घेतो. एकदा दबलेला थर पुन्हा फुगत नाही. त्यामुळे अपघात झालेले हेल्मेट वरून ठीक दिसले तरी बदलावे. अपघात झाला नसला तरी साधारण पाच वर्षांनी नवे घ्यावे.

मग घ्यावे की नाही?

चष्मा असेल, दिवसभरात थांबे अनेक असतील आणि चालवताना चिन बार खाली ठेवण्याची शिस्त असेल, तर फ्लिप-अप ही चांगली निवड आहे. सतत महामार्गावर वेगाने जाणाऱ्यांसाठी हलके आणि शांत फुल फेस अधिक योग्य. हाफ हेल्मेट वापरणाऱ्याने फ्लिप-अप घेऊन ते बंद ठेवले, तर त्याची सुरक्षा नक्कीच वाढेल.

पण सगळा भार ग्राहकावर टाकणे बरोबर नाही. खोक्यावर हेल्मेटचे नेमके वजन, साच्याचा आकार आणि चिन बारची चाचणी झाली आहे की नाही, हे ठळक छापायला कंपन्यांना फारसा खर्च येणार नाही. हेल्मेट घालून पंधरा मिनिटे बसू देणारा दुकानदार अजूनही अपवाद आहे. ‘घालून बघा, नंतर होईल सैल’ असे म्हणून तो माल खपवतो. सक्तीची मोहीम निघाली की दंडाच्या पावत्यांचे आकडे जाहीर होतात. त्या मोहिमेत नाक्यावरच माप कसे घ्यावे आणि परवाना क्रमांक कसा तपासावा, हेही दाखवता येईल. दंडाची भीती पुढच्या चौकापर्यंत टिकते. मापाचे, न रुतणारे हेल्मेट मात्र घरी पोहोचेपर्यंत डोक्यावर राहते.